कांजिण्यांनंतरची चाल

कांजिण्या बऱ्या झाल्यावर एखादे लहान मूल झोकांड्या खात का चालते? कोल्हापूरच्या एका दवाखान्यात शेजारी बसलेल्या वृद्ध पैलवानांमुळे हा प्रश्न मला पडला. कांजिण्यांनंतर नात अशी चालू लागली, तेव्हा तिचे पाय अशक्त समजून ते आधी तालमीतल्यासारखी मालीश करीत राहिले. डॉक्टरांना मात्र तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला सूज आढळली. बहुतेक मुलांत ती ओसरते, असे त्यांनी सांगितले होते.

आम्ही भेटलो त्या दिवशी तिची फेरतपासणी होती. तपासणीच्या खोलीतून नात एकटी, सरळ चालत आली. तिला सावरायला पुढे झालेले पैलवानांचे जाड हात तसेच अधांतरी राहिले.

"बघा की पावणं, पडली न्हाय! घोटाळा वरच्या मजल्यावर, आन् मी आपला तळमजला चोळत बसलो!" डोळे पुसत ते हसले.

कांजिण्यांनंतर आपले मूल कसे चालते, ते कृपया स्वतः पाहावे. तोल जाताना दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.