धक्क्यावरच्या चपला

कर्लीच्या खाडीत एक जुनी हाउसबोट विकायला होती. ती घ्यावी आणि आम्ही तिघांनी तिच्यातच राहावं, हा हट्ट माझा. जमिनीला कुंपण घातलं तिथेच अन्याय सुरू झाला, असं मी पत्रकांतून लिहीत आले; मग आपण तरी कुंपणाबाहेर राहू.

बोट बघायला गेलो तेव्हा बाबा फळ्या ठोकून बघत म्हणाले, "बाईसाहेब, क्रांती होईल तेव्हा होईल. आधी गळत नाही ना ते बघा."

आईचा होकार मात्र अजून मिळाला नव्हता. ती नाही म्हणाली तर मीही हट्ट सोडणार होते.

आमच्याकडे होडीत चढताना चपला हातात घेतात, पलीकडे उतरल्यावर लागतात म्हणून. आई आत वाकून गॅस कुठे ठेवायचा ते पाहत होती, तिचे हात रिकामे होते.

"आई, चपला कुठायत?"

"बाहेर काढल्या. घरात कुणी चपला आणतं का?"

धक्क्यावर तिच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या होत्या. जमीन कुणाची, यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. घर कुठून सुरू होतं, ते कधी लिहिलं नव्हतं. माझ्या चपला अजून हातातच होत्या. मी गुपचूप मागे गेले आणि त्या तिच्या चपलांशेजारी ठेवून आले.