एक्सलवरची रेघ

गाडी जॅकवर चढली की मिस्त्री चाकाला एक हात वर आणि एक हात खाली लावायचे, डोळे मिटायचे आणि चाक हलवून बघायचे. मग मालकाकडे न बघताच म्हणायचे, "हे ठेवायचं," नाहीतर "हे काढायचं." वाद घातला तरच तिसरं वाक्य ऐकायला मिळायचं.

कोयनानगरच्या रस्त्याला, आमच्या शाळेच्या कुंपणालगत त्यांची पत्र्याची शेड होती. जागा शाळेच्याच संस्थेची. मी शाळेची जीप चालवते. नवरा सैन्यात, म्हणून घरची गाडी शिकले आणि पुढे तीच नोकरी झाली. बाई गाडी चालवते म्हटल्यावर लोक वळून बघतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. मिस्त्री माझ्याकडे कधीच बघत नसत. ते टायरकडे बघत.

एकदा एक निवृत्त गुरुजी रडकुंडीला येऊन शेडमध्ये बसले होते. कंपनीच्या वर्कशॉपने त्यांना मागचा सगळा एक्सल बदलायला सांगितला होता. मिस्त्रींनी चाक हलवलं आणि फक्त बेअरिंग बदललं. गुरुजींचा विश्वास बसेना.

"अहो, पण सगळंच नवं नको का?"

"आवं गुरुजी, दाढ किडली म्हनून जबडा बदलता का?"

ती गाडी अजून धावते आहे.

गेल्या हिवाळ्यात माझ्याच जीपच्या मागच्या चाकातून कुरकुर यायला लागली. दुसऱ्या दिवशी मुलांची सहल घाटातून जायची होती. मिस्त्रींनी एक्सलचा दांडा बाहेर काढला, रॉकेलमध्ये धुतला, कोरडा पुसला आणि त्यावर पांढरा खडू घासला. आम्ही दोघं बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने त्या पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली. तड्यात मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"हे काढायचं," मिस्त्री म्हणाले.

संस्थेचे सचिव धावत आले. "नवा एक्सल यायला चार दिवस लागतील. आजच्या आज वेल्डिंग मारा. एरवी तुम्ही सगळं दुरुस्त करताच की!"

"झिजलेलं दुरुस्त हुतंय सायेब. तडकलेलं न्हाई."

"शेड कुणाच्या जागेत आहे, ध्यानात आहे ना?"

मिस्त्रींनी दांडा शिकंज्यात आवळला आणि ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या तसे सचिव मागे सरकले. ते ओरडत होते, पण एक अक्षर ऐकू येत नव्हतं. शेवटी दांड्याचे दोन तुकडे झाले. एक खाली पडला.

"शेड पाडा, पायजे तर. पन ह्या दांड्यावर पोरं घाटात जानार न्हाईत."

सचिव माझ्यावर उखडले. "बाई, गाडी दुसऱ्या मिस्त्रीकडे न्या!"

"तीन चाकांवर कशी नेऊ, साहेब?" मी म्हणाले. "आणि चौथं असतं तरी नेली नसती."

सहल आठ दिवसांनी गेली, नव्या एक्सलवर. शेड खाली करण्याची नोटीसही त्याच महिन्यात आली. माफी मागा, साहेब ऐकतील, असं सगळे सांगत होते.

"चुकलो असतो तर मागितली असती," मिस्त्री म्हणाले आणि पाने-पकडी गोळा करायला लागले.

आटपाडीला भावाच्या घरापुढे थोडी जागा होती, तिथे ते दुकान मांडणार होते. सामान न्यायला टेम्पो ठरवत होते, तो मी ठरवू दिला नाही. रविवारी सचिवांना न विचारता शाळेची जीप शेडपुढे आणून उभी केली. मागे शिकंजा, जॅक, हत्यारांची पेटी, पुढे मिस्त्री.

"आवं वैनी, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

गाडी उताराला लागली. एका वळणावर काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रींची हनुवटी छातीवर टेकली होती, काळे पडलेले हात मांडीवर उताणे पडले होते आणि ते गाढ झोपले होते.