सोवळ्यातलं जीवशास्त्र

आमच्या अंबरनाथच्या घरात मासळीचं नावसुद्धा निघत नसे, आणि मुंबईच्या कॉलेजात माझ्यासमोर बेडूक उताणा टाचून ठेवलेला. मला गणित हवं होतं. पण पहिल्या वर्षाला जीवशास्त्र सगळ्यांनाच सक्तीचं. त्यात आपटले असते तर बाकीचं सगळं पाण्यात. बाबा कारखान्याच्या ऑफिसात होते. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "एकदा नापास झालीस की कॉलेज बंद. मग स्थळं बघू." बाबा असलं काही गमतीत बोलत नसत.

टेबलावर माझ्या जोडीला उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातली एक सिंधी मुलगी होती. कात्री बघूनच तिने डोळे मिटले. "तू काट, मैं ड्रॉइंग निकालती हूँ," म्हणाली. क्लोरोफॉर्मचा वास नाकात भरला होता. कशीबशी कातडी बाजूला केली आणि आत हृदय चाललेलं दिसलं. बेडकाला कसलीच शुद्ध नव्हती, तरी ते बिचारं आपलं काम करत होतं. घंटा झाली तेव्हा मी अजून वाकून बघत होते. मला चक्क मजा येत होती, आणि त्या मजेचीच धास्ती वाटत होती.

कारण घरी मी यातलं अक्षरही बोलले नव्हते. आईचं सोवळं कडक. प्रॅक्टिकल असलं की परत आल्याबरोबर मी थेट न्हाणीत शिरायची, शिकेकाईने हात घासघासून अंघोळ करायची. तरी बोटांना वास राहिलाय असं वाटे, आणि जेवताना घास तोंडाशी नेताना मी हळूच बोटं हुंगून बघे. आईने याचा भलताच अर्थ लावला. कॉलेजात जाऊन मुली बिघडतात म्हणे, आमची तर सुधारली, असं ती शेजारणींना सांगत सुटली. गणपतीत तिने नैवेद्याचे मोदक माझ्याकडे सोपवले. सोवळं नेसून मी पाऱ्यांना चुण्या पाडत बसले. चुण्या सुबक पडत होत्या. हात कशावर बसला होता ते माझं मला ठाऊक. मूर्तीपुढे ताट ठेवताना मान वर करायची हिंमत झाली नाही.

निकाल लागला. पास झाले, जीवशास्त्रात तर वर्गात पहिली. आता सुटले असं वाटायला हवं होतं, पण मला पुढेही तोच विषय हवा होता. म्हणजे विचारणं आलं, आणि विचारायचं तर सगळं सांगणं आलं. शेवटी आई तांदूळ निवडत बसली होती तेव्हा तिच्यासमोर जाऊन एका दमात सांगून टाकलं.

आईचा हात सुपातच थांबला. तिने विचारलं, "त्याला दुखतं का गं?"

"नाही. आधी झोपवतात."

"आणि तुला आवडतं ते?"

हो म्हणायची लाज वाटली, तरी म्हटलं.

"शिक मग. ह्यांना मी समजावते."

माझा विश्वासच बसेना. काहीतरी करायचं म्हणून मी तांदूळ निवडू लागायला हात पुढे केला, तशी तिने सूप हळूच आपल्याकडे ओढलं.

"राहू दे," ती म्हणाली. "हे नैवेद्याचे आहेत."

पाहिजे ते मिळालं होतं, तरी मी माजघरात जाऊन रडले.