चिंतामणीला काय विचारलं

बियाण्याच्या शेंगा फोडायला चार बायका बसल्या की टरफलांचा ढीग होतो, तसा किश्श्यांचाही होतो. टरफलं चुलीत जातात, किस्से तसेच राहतात. माझ्या पोराच्या, वसंताच्या, त्या एका आठवड्याचे तर इतके साचलेत, की कुठूनही मूठ भरावी.

दुष्काळ होता. मी आणि आमचे मालक सडकेच्या कामावर खडी फोडत होतो. वसंता बी.ए. झाला, घरातला पहिलाच, आणि एकाच आठवड्यात दोन पाकिटं आली. एकात मुरुम गावच्या बँकेत कारकुनाची नोकरी, दुसऱ्यात औरंगाबादला एम.ए.ला प्रवेश. दोन्हीकडं सोमवारीच हजर व्हायचं. नोकरी धरली तर माझ्या हातातला हातोडा सुटणार. शिकायला गेला तर आणखी दोन वर्षं तोच हातोडा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं.

*

मी शाळेची पायरी चढले न्हाय, पण चौकशीची खोड लई. विचारलं, "आता आणखी दोन वर्षं काय शिकवणार तुला?"

"अर्थशास्त्र."

"म्हंजी काय रं?"

म्हणाला, "बाजारात धान्य असतं, तरी माणूस उपाशी का राहतो, ते."

"त्याला औरंगाबाद कशाला? रेशनच्या दुकानापुढं उभा ऱ्हा. दुपारपर्यंत कळंल."

तो हसला न्हाय. वही काढून काहीतरी लिहून घेतलं.

"काय लिहिलंस?"

"तू म्हणलीस तेच."

*

मालक दोन्ही पाकिटं टोपीत घालून खडीवर घेऊन आले. मुकादमानं मोठ्यानं वाचून दाखवली. सगळे हातोडे थांबले.

एका म्हातारीनं विचारलं, "बँकेत डोक्यावर पंखा असतो का हो?"

"असतो की," मुकादम म्हणाला.

"आणि त्या कॉलेजात?"

"तिथंबी असतो. पण एका पंख्याखाली पन्नास पोरं."

"मग बँकच बरी."

उन्हात बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. एवढं एकमत आमच्या सोसायटीच्या निवडणुकीतसुद्धा कधी झालं नव्हतं.

*

मी म्हटलं, पोरगी द्यायची तर आपण घर बघून येतो, मग पोरगा द्यायचा तर बँक बघायला नको? एक दिवसाची मजुरी बुडवली आणि गेले मुरुमला. बाकावर बसले. दोन तास झाले तसा एक कारकून उठून आला.

"मावशी, काय काम आहे?"

"काम न्हाय. बघायला आले. तुम्ही दिवसभर काय करता?"

"आकडे जुळवतो."

"न्हाय जुळले तर?"

"घरी जाता येत नाही."

"आणि जुळले तर?"

बिचाऱ्यानं मागं वळून आपल्या टेबलाकडं बघितलं. मग म्हणाला, "उद्या परत जुळवायचे."

निघताना त्यांच्या रांजणात डोकावले. पाणी काठोकाठ होतं. घर म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. पण त्या कारकुनाचं तोंड काही डोळ्यापुढून जाईना.

*

शेवटी माझ्या सासूबाई, म्हंजी आमच्या आत्याबाई, म्हणाल्या, "माणसांना काय विचारता? तुळजापूरला चला."

तिथं देवळात चिंतामणीचा गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवायचे आणि मनात विचारायचं. उजवीकडं फिरला तर व्हय, डावीकडं फिरला तर न्हाय. जागचा हललाच न्हाय तर थांबायचं.

मालक बसले. दगड उजवीकडं फिरला. "ठरलं," ते म्हणाले, "बँक."

मग आत्याबाई बसल्या. परत उजवीकडं.

"बघा, आईलाबी बँकच सांगितली."

"म्या कॉलेजचं विचारलं," आत्याबाई म्हणाल्या.

"तुला कुणी सांगितलं कॉलेजचं विचारायला?"

"तुला तरी बँकेचं कुणी सांगितलं?"

मायलेकाचं तिथंच जुंपलं. तेवढ्यात मी बसले. दगड हलायलाच तयार न्हाय. पुजाऱ्यानं विचारलं, "बाई, काय विचारलंत?"

"बँक का कॉलेज?"

"अहो, त्याला व्हय-न्हाय एवढंच येतं. एका वेळी एकच विचारा."

पण मागं रांग होती. मला उठवून वसंताला बसवलं. त्यानं डोळे मिटले, आणि दगड डावीकडं फिरला. मालकांनी दहादा विचारलं, "कशाला न्हाय म्हणाला?" वसंता एवढंच म्हणाला, "माझं मला ठाऊक." पण उठला तो हसतच. सोमवारी तो औरंगाबादच्या एसटीत बसला. मालक आठ दिवस कुणाशी बोलले न्हाईत.

*

दिवाळीला वसंता घरी आला. मी भाकरी वाढत होते, तर माझा हात धरून बघायला लागला.

"माय, खरं सांग. खडी फोडायला जातीस का अजून?"

"न्हाय रं."

"शपथ?"

"तुझी शपथ."

तेव्हा कुठं त्यानं हात सोडला. म्हणाला, "मग चिंतामणी खरं बोलला. म्या त्या दिवशी तेवढंच विचारलं होतं. मी शिकायला गेलो तर मायला खडी फोडायला लागंल का?"

मी म्हटलं, "देव कशाला खोटं बोलंल? जेव तू."

भाऊबीज झाली आणि तो परत निघाला. त्याची एसटी फुफाट्यात दिसेनाशी झाली, तशी मी शेजारणीकडं लपवलेली पाटी घेतली आणि पाझर तलावाच्या मातीकामावर गेले. खडीचं काम दसऱ्यालाच संपलं होतं.