ठुमा नाईकाचं गाव

बायकोलासुद्धा हे मी सांगितलेलं नाही — आणि तिचं मत असं, की माझ्या पोटात काही राहत नाही. असो. तुम्हाला सांगतो.

ठुमखेडे हे आमचं गाव, साक्रीकडून आत. मी तिथे मास्तर होतो. शाळेची पन्नाशी आली, स्मरणिका काढायची ठरली, आणि गावाच्या नावाचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं — मीच मान पुढे केली. इंग्रजी वाचणारा गावात दुसरा होता कोण?

दिवाळीच्या सुट्टीत धुळ्याला खेपा घालून जुने इंग्रजी कागद पाहिले. साहेबांनी आमच्या गावाचं काय काय करून ठेवलं होतं! एका नकाशात टूमकेरा, एका अहवालात थूमखेडा, पुढे कुण्या कारकुनाने तुमखेड. मजा वाटली. पण सगळ्यांत जुन्या कागदात स्वच्छ लिहिलं होतं — ठुमा नाईक या भिल्लाने विहीर खणून वसवलेलं गाव.

त्याच वंशातले बारकू आबा तेव्हा सत्तरीचे. गावदेवाच्या जत्रेत पहिला नारळ त्यांच्या घरचा फुटायचा. गाव वसवणाऱ्याचा मान तो. एकदा शाळेच्या पायरीशी आले. "गुरुजी, आमना ठुमाबानं नाव लिखशात ना?"

"लिखसू, आबा," मी म्हणालो.

आणि मग — कसं सांगू? स्मरणिकेवर माझं नाव येणार, मोठमोठे पाहुणे येणार. भिल्लाने वसवलेलं गाव हे मला हलकं वाटलं. हो, मलाच. गावच्या पाटलांनी सुचवलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. मी तुंग नावाचे एक ऋषी जन्माला घातले, त्यांना नदीकाठी तपाला बसवलं आणि गावाचं मूळ नाव 'तुंगक्षेत्र' ठरवून मोकळा झालो. साहेबांची ती तिन्ही रूपं पुराव्याला जोडली. ठुमाचं नाव उतरवलेलं वहीचं पान चुलीत घातलं. काय टाळ्या पडल्या! शालसुद्धा मिळाली.

पुढच्या जत्रेत पाटलांच्या थोरल्याने स्मरणिका उघडून धरली. गाव ऋषींचं, मग पहिला नारळ यांचा कशाला?

आबांनी गर्दीत मला हेरलं. "गुरुजीस्ले इचारा. त्यास्नी कागद वाचेल शे."

सगळे माझ्याकडे वळले. एका शब्दाचं काम होतं.

"छापलंय तेच खरं," मी म्हणालो.

आबा हळद लावून आणलेला नारळ हातात घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. लाज वाटली का मला? नाही. सुटल्यासारखं वाटलं. पाटलांच्या नारळाचा प्रसाद फिरत आला, तो मी हात पुढे करून घेतला, खाल्ला.

आबा त्यानंतर तीन वर्षं जगले. तिन्ही जत्रांना ते शेवटीच उभे राहिले. तिन्ही वेळा मी तिथे होतो.