हरतालिकेचा आलेख

माझ्या नवऱ्याला लोक देवमाणूस म्हणतात. लहानपणापासून टाइप वनची शुगर असलेली, रोज इन्सुलिन टोचून घेणारी पोरगी त्यानं सगळं माहीत असून पदरात घेतली ना! देव कुठला, इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवतो. पीएचडीला विषय मिळत नव्हता, तो घरातच आयता मिळाला.

मी काय खाल्लं, किती चालले, किती झोपले, कधी चिडले, हे सगळं समीकरणात घालायचं आणि पुढं शुगर किती होणार ते सांगायचं, असं त्याचं मॉडेल. सेन्सर माझ्या दंडावर, आकडे त्याच्या मोबाइलवर. शहागंजात भाजीला गेले तरी विचारायचा, रिक्षानं की पायी?

गाडी अडली ती सोमवारी. सासूबाईंनी मला सोमवार धरायला लावलेले. "उपासाला ती काही खात नाय, नुसती खिचडी," असं त्या म्हणाल्या आणि ह्या शहाण्यानं खाण्यापुढं शून्य टाकलं. शुगर मात्र चढायची. अहो, साबुदाणा भाकरीच्या वरताण आहे, सांगून सांगून मी थकले. तर म्हणाला, "आई खोटं बोलते व्हय?" शेवटी त्यानं शोध लावला, की उपाशीपोटी माझी शुगर आपोआप वाढते. लई खूश झाला. तेव्हापासून उपासाच्या दिवशी माझा डोस वाढला.

मग हरतालिका आली. सकाळी त्यानं इन्सुलिनच्या पेनवर वाढीव डोस लावला, मी मुकाट टोचून घेतला. माझ्या माहेरी, देवगाव रंगारीत, आजारी बाईला त्या दिवशी भगर चालते. मी त्या भरवशावर राहिले. स्वयंपाकघरात गेले तर गॅस थंड. सासूबाई म्हणाल्या, "आज पाण्याचा थेंब नाय. नवऱ्याच्या आयुष्याचा उपास हाय."

थोड्या वेळात हातपाय थरथरायला लागले, घामानं ब्लाउज भिजला. मी साखर मागितली. नवरा एका हातात साखरेचा डबा, दुसऱ्या हातात मोबाइल धरून उभा. "थांब जरा. मॉडेलप्रमाणं आता आलेख वर वळणार." मी खाली बसले, मग आडवी झाले. ह्याच्या आयुष्यासाठी मी मरतेय आणि हा मेला आकडे बघतोय, एवढं कळत होतं. जीभ वळत नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या आपा गच्चीवर कपडे वाळत घालून खाली उतरत होत्या. दार उघडंच होतं. "मर जाती वो, क्या देखते बैठे?" म्हणत त्या आत आल्या, डबा हिसकला आणि साखरेचं पाणी करून मला घोटघोट पाजलं.

अंगात जरा जीव आला तेव्हा नवरा हळहळत होता. "आणखी दोन रीडिंग मिळाली असती तर वळण दिसलं असतं." सासूबाई देवापुढं हात जोडून रडत होत्या. मला वाटलं, माझ्यासाठी. तर म्हणाल्या, "मोडलास ना उपास. आता माझ्या लेकाचं काही बरंवाईट झालं तर?"

"होऊ द्या," मी म्हणलं, आणि उरलेलं साखरपाणी पिऊन टाकलं.