बरं-वाईट शिकवलं कोनं?

मास्तरकी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते आपोआप अंगावर साचतात.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. संग्रामपूरजवळच्या एका गावात आम्ही तिघं मास्तर. मधल्या सुट्टीत वाद ठरलेला: माणसाला बरं-वाईट कळतं कोठून? मोठे गुरुजी म्हणायचे, पुस्तकातून. वानखडे गुरुजी म्हणायचे, घरच्या वळणातून. मी नुकताच ट्रेनिंग करून आलेलो. मी म्हणायचो, चार लोक जे चालवतात तेच योग्य.

एकदा इन्स्पेक्शन होतं. साहेबांनी वर्गाला विचारलं, “टकळीवर रोज सूत काढता ना?”

सगळे म्हणाले, “हो.” मग मागच्या रांगेतला नारायण उठून उभा राहिला.

“मोठ्या गुरुजींनी सांगतलं म्हून हो म्हनलो, साहेब. टकळ्या तं आजच पेटीतून निघाल्या.”

साहेब गेल्यावर मोठे गुरुजी म्हणाले, “खरं बोलावं, हा धडा मीच शिकवला. जरा जास्तच पक्का झाला.”

पुढं वानखडे गुरुजींचा पेन हरवला. दुसऱ्या दिवशी किसन आपल्या पोरीला हाताला धरून घेऊन आला. हा किसन लोकांच्या वावरातला कापूस चोरतो म्हणून गावभर बदनाम.

“पोरीनं उचलला व्हता, गुरुजी. माफी मागाले आनलं.”

वानखडे गुरुजींना राहवलं नाही. “अन् तू काय करतोस बे?”

“मी करतो, म्हून तं मले मालूम हाये,” किसन म्हणाला.

घरच्या वळणाचा विषय पुढं बरेच दिवस निघाला नाही.

शाळेत पाण्याचा एक माठ होता. बाकीची पोरं आपल्या हातानं ग्लास भरून घेत. महारवाड्यातल्या पोरांना मात्र वरून ओंजळीत ओतायचं. ते ओतायचं काम माझं. त्यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

चौथीतल्या शेवंतानं एका दुपारी ओंजळच केली नाही.

“मी घेईन माह्या हातानं,” ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. ती तहानलेलीच वर्गात गेली. एप्रिल महिना होता. तीन दिवस ती यायची, माठाशी उभी राहायची आणि तशीच परत जायची. ओठ सुकून फुटले होते.

चौथ्या दिवशी मी विचारलं, “तुले हे शिकवलं कोनं?”

“कोनी नाही.”

“घरी कोनी बोललं?”

“माय म्हनते, गुपचूप पेत जाय.”

“मग गाव काय म्हनीन, याचं भेव नाही वाटत?”

“वाटते, गुरुजी,” ती म्हणाली, आणि तिनं ग्लास माठात बुडवला.

माझ्या हातात तांब्या होता. मी तो खाली ठेवला. ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

तिच्या मागं कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी मान वर केली. मोठे गुरुजी होते, पाणी प्यायला त्याच ग्लाससाठी हात पुढे करून.